घरजावई फरांग

थायलंड म्हटले की मराठी पर्यटकाच्या मनात काय येते ते वेगळे सांगायला नको. बँकॉक-पट्टायाचे चार रात्री पाच दिवस, कोरल आयलंडची बोट, रात्रीचा शो आणि परत आल्यावर मित्रांच्या टोळक्यात आवाज खाली आणून सांगायचे किस्से. या सहलीत एक जोडपे हमखास दिसते. उन्हाने लालबुंद झालेला, साठी उलटलेला गोरा आणि त्याच्या शेजारून चालणारी, वयाने बरीच लहान थाई बाई. बसमधून कुणीतरी शेरा मारतो, चार जण हसतात आणि विषय संपतो. ती बाई कुठली, तिच्या घरी कोण कोण आहे, हा माणूस तिचे गिऱ्हाईक आहे की रीतसर नवरा, त्या दोघांचे घर कुणाच्या नावावर आहे, हे विचारायची गरज कुणालाच वाटत नाही. या पुस्तकाला नेमके तेच विचारायचे आहे.

त्याची उत्तरे पट्टायात मिळत नाहीत. त्यासाठी बँकॉकहून ईशान्येकडची रात्रीची गाडी धरून साडेपाचशे किलोमीटरवरच्या उदोन थानीला उतरावे लागते. हा ईसान प्रांत. वीस जिल्ह्यांचा, देशातली जवळपास एक तृतीयांश माणसे पोसणारा आणि तरीही थायलंडमधला सगळ्यात गरीब मुलूख. कोरातचे पठार, वाळूसारखी माती, पावसाच्या भरवशावरची भाताची एक पेर. बोली लाओसच्या जवळची, जेवणात चिकट भात आणि कच्च्या पपईचे झणझणीत सोम तम. बँकॉकची टॅक्सी, बांधकाम, घरकाम आणि मसाजची दुकाने ज्यांच्या जिवावर चालतात ती माणसे बहुतेक इथली. या गावांतून हिंडताना भातखाचरांच्या मधोमध अचानक लाल कौलांचा, उंच कुंपणाचा, दारात पिकअप उभा असलेला बंगला दिसतो. कुणाचा म्हणून विचारले की गावकरी दोन शब्दांत सांगतात: ‘मिया फरांग’. गोऱ्याची बायको. आणि तो गोरा म्हणजे ‘खेय फरांग’, गावाचा गोरा जावई.

थाई स्त्रिया आणि परदेशी पुरुष यांची सगळीच लग्ने ईसानातून होत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. बँकॉकच्या डॉक्टर, प्राध्यापक, कंपनीतल्या अधिकारी बायकाही परदेशी पुरुषांशी लग्न करतात आणि ईसानच्या बायकांबरोबर आपल्याला एका दोरीत बांधलेले त्यांना मुळीच खपत नाही. राजा भूमिबोल यांची थोरली लेक उबोलरतना एमआयटीत शिकत होती. तिथेच भेटलेल्या पीटर जेन्सन या अमेरिकनाशी तिने 1972 मध्ये लग्न केले आणि त्यापायी राजकन्येचा दर्जा सोडला. 1998 मध्ये घटस्फोट झाला, 2001 मध्ये ती कायमची मायदेशी परतली. गोरा नवरा केल्याची किंमत राजवाड्यातल्या लेकीलाही चुकवावी लागली, ती फक्त वेगळ्या नाण्यात. या पुस्तकाचा मुख्य भर मात्र ईसानवर आहे, कारण तिथे परदेशी माणसाशी लग्न ही एखाद्या मुलीची गोष्ट उरलेली नाही, ती गावाची वहिवाट झाली आहे.

व्हिएतनाम युद्धाने ही लग्ने आणली असे सरसकट लिहिले जाते. तसे पाहिले तर मुळे बरीच जुनी आहेत. सतराव्या शतकात अयुत्थया ही सयामची राजधानी म्हणजे आशियातले एक गजबजलेले बंदर होते. डच, पोर्तुगीज, फ्रेंच, जपानी, इराणी अशा सगळ्यांच्या वस्त्या तिथे होत्या आणि डच कंपनीचे नोकर स्थानिक बायकांशी संसार मांडत. ओसूत नावाच्या मोन वंशाच्या बाईने कंपनीच्या तीन माणसांशी एकापाठोपाठ एक संसार केला आणि त्याच ओळखींच्या बळावर स्वतःचा व्यापारही दणक्यात चालवला. त्यातला येरेमियास फान फ्लीट हा वखारीचा मुख्य अधिकारी. तो अयुत्थया सोडून निघाला तेव्हा त्याला आपल्या मुली बरोबर नेता आल्या नाहीत. सयामी आईच्या पोटची लेकरे देशाबाहेर न्यायला राजाची मनाई होती. नवरा परका असेल तर मुले कुणाची, हा प्रश्न आजच्या वकिलांनी शोधून काढलेला नाही.

त्याच काळातली दुसरी बाई मारिया ग्युयोमार द पिन्या. जन्म अयुत्थयाचा, रक्त जपानी-पोर्तुगीज-बंगाली, आणि बापाचे नाते आपल्या गोव्याशी सांगितले जाते. तिचा नवरा कॉन्स्टंटाइन फॉल्कन हा मूळचा ग्रीक, नाराय राजाच्या दरबारात सर्वेसर्वा झालेला. 1688 च्या उठावात फॉल्कनचे मुंडके उडाले आणि तिच्या वाट्याला राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली चाकरी आली. अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या ‘फोय थोंग’, ‘थोंग यिप’ या सोनेरी मिठाया थाई लोक तिच्याच नावावर जमा करतात. आजही थाई लग्नात या मिठाया शुभ म्हणून मांडल्या जातात. परदेशी नवऱ्यांना नाके मुरडणाऱ्या घरांतसुद्धा.

आजच्या ईसानचा धागा मात्र खरोखर विमानतळांपासून सुरू होतो. 1960 च्या दशकात अमेरिकेने उदोन, उबोन, कोरात, नाखोन फानोम या ईसानच्या गावांतून आणि दक्षिणेकडच्या उटापाओतून व्हिएतनाम-लाओसवर विमाने पाठवायला सुरुवात केली. दशक संपता संपता थायलंडमध्ये 50,000 च्या आसपास अमेरिकन सैनिक होते. शिवाय 1967 च्या करारानंतर व्हिएतनाममधले सैनिक सुट्टीला थायलंडमध्ये येऊ लागले. तळाच्या भोवती बार, धोबी, शिंपी आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. वर्षभराच्या नेमणुकीवर आलेला सैनिक एखाद्या मुलीबरोबर घर थाटायचा, तिला महिन्याचे पैसे द्यायचा आणि बदली झाली की निघून जायचा. गावाने अशा बाईला ‘मिया चाओ’ म्हटले, म्हणजे भाड्याची बायको. काही जणींचे संसार टिकले आणि त्या अमेरिकेला गेल्या. गोल्फपटू टायगर वूड्सची आई कुल्तिदा थाई, आणि वडील अर्ल वूड्स हे अमेरिकन लष्करातर्फे थायलंडला आले असताना दोघांची गाठ पडली. बहुसंख्य जणी मागेच राहिल्या. 1976 पर्यंत तळ रिकामे झाले. उरली ती सैनिकांची मुले, बारची वस्ती आणि बायकांनी एकदा पाहिलेली वाट.

पुढची दोन दशके ती वाट पर्यटनाने रुंद केली. सरकारने 1987 हे ‘थायलंड पाहा’ वर्ष म्हणून धूमधडाक्यात साजरे केले. जर्मनीत आणि स्कँडिनेव्हियात फोटोंच्या कॅटलॉगमधून आशियाई बायको शोधून देणाऱ्या एजन्सी याच काळात फोफावल्या. त्यांच्या धंद्याचे ओंगळ रूप पुढे एका प्रकरणात येईल. मग 2 जुलै 1997 ला बाथ कोसळला. डॉलरला 25 च्या घरातला भाव सहा-सात महिन्यांत 50 च्या पलीकडे गेला. बँकॉकमधले कारखाने आणि बांधकामे बंद पडली, कामावरून काढलेली माणसे ईसानला परतली. दुसरीकडे युरोपातल्या साध्या पेन्शनदाराच्या खिशाचे वजन थायलंडमध्ये एका वर्षात दुप्पट झाले. ईसानच्या ज्या बंगल्यांकडे आज बोट दाखवतात, त्यांतल्या पुष्कळांचा पाया या भावफरकात घातलेला आहे.

पण नुसत्या गरिबीने याचा उलगडा होत नाही. गरिबी जगात इतरत्रही आहे, तिथल्या मुली या वाटेने गेल्या नाहीत. ईसानच्या कुटुंबाची घडण त्याच्या मुळाशी आहे. इथे लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, निदान सुरुवातीची काही वर्षे. घर बहुधा धाकट्या मुलीकडे जाते आणि आईबापांचे म्हातारपण तिनेच काढायचे असते. आईबापांच्या उपकारांना थाई भाषेत ‘बुनखुन’ म्हणतात, आणि ते फेडणे हा धर्म. मुलगा काही महिने भिक्खू होऊन चीवर धारण करतो आणि त्या पुण्यातून आईचे ऋण फेडतो. मुलीला भिक्खू होता येत नाही. तिने ते फेडायचे कष्टाने, सेवेने आणि पैशाने. बाप आजारी पडला, भाताचे कर्ज थकले, भावाची मोटारसायकल जप्त झाली की सगळ्यांच्या नजरा मुलीकडे वळतात. त्या नजरांचा भार घेऊन ती बँकॉकला जाते, फुकेतला जाते, आणि तिथून एखादीला थेट डेन्मार्कची वाट सापडते.

आणखी एक गोष्ट गावकरी उघड बोलतात, परदेशी वार्ताहर सहसा लिहीत नाहीत. यातल्या पुष्कळ जणींचा हा पहिला संसार नसतो. अठरा-विसाव्या वर्षी गावातल्याच पोराशी लग्न झालेले, एक-दोन मुले, मग नवऱ्याची दारू, मारहाण किंवा ‘मिया नोय’, म्हणजे बाहेर ठेवलेली दुसरी बायको. नवरा निघून गेला की मुले आजीच्या पदरात टाकून बाई कमवायला बाहेर पडते. घटस्फोटित, लेकुरवाळ्या बाईला गावात पुन्हा चांगले स्थळ येत नाही. फरांगला मात्र तिच्या पूर्वायुष्याचे फारसे काही वाटत नाही, कारण तो स्वतःही एक-दोन संसार मोडून आलेला असतो. दोन्ही बाजूंना दुसरा डाव आहे. या लग्नांची चर्चा करताना हे विसरले की सगळे गणित चुकते.

आता लग्न कसे लागते ते पाहू. सकाळी घरी भिक्खू येतात, मंत्रपाठ होतो, त्यांना भोजनदान होते. मग नवऱ्याकडची मंडळी ढोल वाजवत, नाचत येतात. या वरातीला ‘खान माक’ म्हणतात. वरातीत केळीची आणि उसाची रोपे, विड्याच्या पानांची आणि सुपारीची पात्रे, मिठाया. फरांगला स्वतःचे गणगोत नसल्याने गावातलीच चार माणसे त्याच्या बाजूने नाचतात. दारात नवरीच्या बहिणी आणि मैत्रिणी सोन्याची साखळी आडवी धरून उभ्या असतात. पाकीट हाती पडल्याशिवाय साखळी खाली येत नाही, आणि साखळी एकच नसते. घामाने डबडबलेला नवरा खिशातून पाकिटामागून पाकीट काढतो आणि सगळा गाव हसतो. आत गेल्यावर ‘सिन्सोत’ची रक्कम सर्वांसमोर कापडावर मांडली जाते. थोरली माणसे नोटा मोजतात, वर तांदूळ, तीळ, फुलांच्या पाकळ्या टाकतात, म्हणजे धन वाढत राहावे. मग नवरीची आई ते कापड गाठोड्यासारखे बांधून खांद्यावर घेते आणि भाराने कंबर मोडल्याचे नाटक करत घरात नेते. ईसानात पुढे ‘बायसी’चा विधी होतो. केळीच्या पानांचा निमुळता मनोरा, झेंडूची फुले, उकडलेले अंडे. एकेक म्हातारा-म्हातारी येऊन दोघांच्या मनगटांना पांढरा दोरा बांधते आणि तोंडाने आशीर्वाद पुटपुटते. भाषा न समजणारा नवरा मांडी घालून बसण्याच्या खटपटीत असतो आणि त्याची मनगटे दोऱ्यांनी भरून जातात.

सिन्सोत हा शब्द ऐकला की फरांग मंडळी बिथरतात: म्हणजे मी बायको विकत घेतोय का? मराठी वाचकाला हे समजणे तुलनेने सोपे जावे. आपल्याकडच्या वारली, भिल्ल, गोंड समाजांत मुलीच्या बापाला ‘देज’ देण्याची रीत आहे, आणि हुंड्याच्या तुलनेत देज मुलीचा मान राखते असे म्हणणारे कमी नाहीत. थायलंडात तर सिन्सोत कायद्यातच आहे. तिथल्या दिवाणी व व्यापारी संहितेच्या 1437 व्या कलमात वाग्दानाची भेट वेगळी आणि मुलीच्या आईबापांना द्यायचे सिन्सोत वेगळे, अशी स्पष्ट विभागणी आहे. लग्न मुलीच्या दोषाने फिसकटले तर ते परत मागता येते. रक्कम ठरते ती मुलीचे शिक्षण, घराणे आणि आधीचे लग्न पाहून. लेकुरवाळीसाठी ती नाममात्र असते किंवा मुळीच नसते, आणि पुष्कळ आया लग्न झाल्यावर त्यातली बरीचशी रक्कम गुपचूप जोडप्याला परत देतात. गावापुढे मांडले गेले, एवढे पुरते. अर्थात सगळ्याच आया परत देत नाहीत, आणि इथेच पहिल्या भांडणाची ठिणगी पडते.

मात्र या सगळ्या थाटामाटाला कायद्यात किंमत शून्य. भिक्खूंचे मंत्र झाले, दोरे बांधले, गाव जेवला, तरी ‘अम्फो’त म्हणजे तालुक्याच्या कचेरीत नोंद झाल्याशिवाय लग्न झालेच नाही. परदेशी नवऱ्याने आधी आपल्या वकिलातीतून लग्नास मोकळा असल्याचा कागद आणायचा, त्याचे थाई भाषांतर करून घ्यायचे, परराष्ट्र खात्याचा शिक्का मिळवायचा, मग अम्फो. ही दगदग टाळून कित्येक जोडपी वर्षानुवर्षे नुसत्या गावच्या लग्नावर राहतात आणि नवरा वारला की बाईच्या हाती काहीच उरत नाही.

कायद्याचा खरा पेच आहे तो जमिनीचा. 1954 च्या जमीन संहितेनुसार परदेशी माणसाला थायलंडात जमीन घेता येत नाही. एवढेच नव्हे, परदेशी माणसाशी लग्न केलेल्या थाई बाईलाही 1999 पर्यंत जमीन खरेदी करता येत नव्हती. लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावणे सक्तीचे होते, आणि परदेशी आडनाव दिसले की जमीन कचेरीतला कारकून मान हलवायचा. 2003 मध्ये घटना न्यायालयाने आडनावाची सक्ती घटनाबाह्य ठरवली, 2005 मध्ये तसा कायदा झाला. जमिनीच्या बाबतीत 1999 पासून बाईला खरेदीची मुभा मिळाली, पण एका अटीवर. नवराबायकोने मिळून लिहून द्यायचे की हा पैसा एकट्या बायकोचा आहे, नवऱ्याचा यात काही हक्क नाही. आता डोळ्यांसमोर आणा. आयुष्यभराची पुंजी बरोबर घेऊन आलेला एखादा जर्मन सुतार कचेरीच्या बाकावर बसला आहे आणि हा पैसा माझा नाहीच, अशा कागदावर सही करतो आहे. भाडेपट्टा तीस वर्षांचा करता येतो, हयातीपुरता वापराचा हक्क नोंदवता येतो. मालकी मात्र बायकोची. आणि तिच्या पश्चात नवऱ्याला ती जमीन वारशाने मिळाली तरी ती विकून मोकळे व्हावे लागते.

व्हिसाची गोष्टही तीच. थाई बायकोच्या आधारावर राहायचे तर बँकेत 4,00,000 बाथ किंवा महिना 40,000 बाथ उत्पन्न दाखवायचे, दरवर्षी मुदत वाढवून घ्यायची आणि दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. घटस्फोट झाला की हा आधार गेला. परदेशी बाई थाई पुरुषाशी लग्न करते तेव्हा तिला नागरिकत्वाची वाट मोकळी असते. परदेशी नवऱ्याला ती फार खडतर. कायद्याच्या मनात घरजावयाबद्दलचा संशय अजून पुरता गेलेला नाही. ईसानात बायको घरमालकीण, सासू शेजारी, मेहुणा अंगणात. गोरा माणूस भाषेवाचून मुका आणि कागदोपत्री पाहुणा.

आता हेच जोडपे युरोपात नेऊन ठेवा, पारडे पार फिरते. जर्मनीने 2007 पासून जोडीदाराच्या व्हिसासाठी प्राथमिक जर्मनची परीक्षा सक्तीची केली. भातलावणीतून उठून आलेली, शाळा सहावीत सोडलेली बाई चाळिशीत बँकॉकच्या वर्गात बसून जर्मन नामांची तीन लिंगे घोकते. तिथे पोचल्यावर स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क हवा तर संसार तीन वर्षे टिकला पाहिजे. डेन्मार्कने 2002 मध्ये नियम केला की बाहेरून आणलेल्या जोडीदारासाठी दोघांचीही वये चोवीस पूर्ण हवीत. ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून नवऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान 29,000 पौंड दाखवावे लागते. तिकडे नवरा मारत असला तरी व्हिसाची तारीख मोजत गप्प बसणाऱ्या बायका आहेत. ज्याच्या देशात राहायचे त्याच्या हाती दोरी, असा हा मामला आहे. या पुस्तकातल्या कुठल्याही जोडप्याबद्दल मत बनवण्याआधी ते त्या घडीला कुठे राहत होते, हे वाचकाने आवर्जून पाहावे.

युरोपातल्या थाई वस्तीचा चेहरा यामुळेच बाईचा आहे. जर्मनी आणि स्वीडनमधल्या थाई लोकांत पाचांतल्या सुमारे चार जणी स्त्रिया आहेत. डेन्मार्कच्या वायव्य टोकाला थ्यू नावाचा मच्छीमारांचा आणि शेतकऱ्यांचा वाऱ्याने झोडपलेला भाग आहे. तिथे एका थाई बाईने आधी आपल्या नात्यातल्या, मग गावातल्या मुलींसाठी स्थळे पाहिली आणि बघता बघता शेकडो थाई बायका त्या भागात नांदू लागल्या. यानुस मेट्झ आणि सीने प्लामबेक यांनी या कुटुंबांचा दहा वर्षे पाठपुरावा करून 2018 मध्ये ‘हार्टबाउंड’ हा माहितीपट पूर्ण केला. विषयाची गोडी लागलेल्याने तो चुकवू नये. स्वीडनच्या जंगलात दर उन्हाळ्यात हजारो थाई मजूर बोरांसारखी रानफळे वेचायला जातात. या हंगामी कामाची सुरुवातही तिथे लग्न करून गेलेल्या बायकांनी आपल्या नातलगांना बोलावून केली. बर्लिनच्या प्रॉयसेनपार्कमध्ये थाई बायका सुट्टीला चटया टाकून गप्पा मारायला जमत. घरून आणलेले जेवण आधी एकमेकींत वाटले जाई, मग शेजारच्या चटईवरच्याला विकले जाऊ लागले, आणि बर्लिनकर त्या बागेला ‘थाई पार्क’ म्हणू लागले.

मुलांचा विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे. सैनिकांच्या मागे राहिलेल्या मुलांना, विशेषतः काळ्या बापांच्या मुलांना, गावाने फार छळले. सी फा या लेखिकेची ‘खाओ नोक ना’ ही कादंबरी अशाच मुलांवर आहे, तिच्यावर पुढे मालिकाही निघाल्या. परदेशी नवऱ्यापासून परदेशात झालेल्या मुलांना थाई आईकडून नागरिकत्व मिळण्याची सोय 1992 च्या दुरुस्तीने झाली. त्याआधी ते बापाकडूनच यायचे. गंमत अशी की त्याच सुमारास टीव्ही आणि जाहिरातींना ‘लुक ख्रुंग’ चेहऱ्याचे, म्हणजे अर्ध्या गोऱ्या मुलांचे वेड लागले. मारियो माउरर, नादेच कुगिमिया, उरासाया स्पेरबुंद ही आजची बडी नावे थाई आई आणि युरोपीय बाप यांच्या पोटची. ज्या रंगामुळे एका पिढीने शिव्या खाल्ल्या त्याच रंगावर पुढची पिढी साबण विकते. पण पहिल्या, थाई नवऱ्यापासून झालेल्या आणि आजीकडे वाढलेल्या मुलांबद्दल फार कुणी लिहीत नाही. बारा-तेराव्या वर्षी त्यांना अचानक कोपनहेगनच्या विमानात बसवतात. समोर अनोळखी बाप, अनोळखी भाषा आणि जिचा आवाज इतकी वर्षे फोनवरच ऐकला ती आई.

अभ्यासकांनी या विषयाकडे उशिरा पण नेटाने पाहिले. इस्रायली समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी 1980 च्या दशकात बँकॉकच्या बारमधल्या मुलींना परदेशी पुरुषांनी लिहिलेली पत्रे वाचून दाखवले की या संबंधांत विक्री कुठे संपते आणि माया कुठे सुरू होते, हे त्या दोघांनाही सांगता येत नाही. अलीकडे पत्चरिन लापानुन यांनी उदोन थानीच्या एका गावाचा सखोल अभ्यास केला. त्यांचे ‘लव्ह, मनी अँड ऑब्लिगेशन’ हे पुस्तक 2019 मध्ये आले. मिया फरांग हा गावातला एक नवा वर्गच झाला आहे, असा त्यांचा मुद्दा आहे. तिचे घर, तिचे सोने, देवळाला दिलेली तिची देणगी यांनी गावाच्या जुन्या उतरंडीला धक्का दिला. काल जिला नावे ठेवली तिच्याच दारी आज गाव वर्गणी मागायला जातो. आणि गावातली तरणी पोरे, ज्यांना कुणी मुलगी द्यायला तयार नाही, ती या बायकांवर गाणी रचतात.

आता त्या सनातन प्रश्नाकडे वळू: हे प्रेम की पैसा? माझ्या मते हा प्रश्नच मुळात वाकडा आहे. ईसानात आईच्या औषधाला पैसे देणारा नवरा हाच प्रेम करणारा नवरा. गोड बोलून खिसा न उघडणाऱ्याचे प्रेम तिथे कुणी प्रेम मानत नाही. उलट युरोपियनाला वाटते की पैशाचा विषय निघाला की प्रेम नासले. तो तिच्या भावाच्या कर्जाला ‘मी काय एटीएम आहे का’ म्हणतो, आणि त्याला बायको हवी होती की मोलकरीण, असे ती मैत्रिणीला विचारते. या दोन व्याख्यांच्या टकरीत जितके संसार मोडतात तितके लबाडीने मोडत नसावेत. आणि आपण तरी कोणत्या तोंडाने हसावे? पॅकेज, पुण्यातला फ्लॅट, बागायती एकर आणि मुलाचे ग्रीन कार्ड यांची चौकशी झाल्याशिवाय आपल्याकडे चहापोह्यांचा कार्यक्रम पुढे सरकत नाही. पण तिथे प्रेम की पैसा असे कुणी विचारत नाही. हा प्रश्न गरीब बाईलाच विचारला जातो.

याचा अर्थ सगळे आलबेल आहे असा नाही. फसवून नेलेल्या, पासपोर्ट काढून घेतलेल्या, धंद्याला लावलेल्या मुली आहेत. थायलंडला 2008 मध्ये मानवी वाहतुकीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. घर बायकोच्या नावावर करून एका सुटकेसनिशी बाहेर पडलेले म्हातारेही आहेत. पण त्यांच्याच शेजारी अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला दहा वर्षे अंघोळ घालणारी बाई आहे. ब्रिटनचे सरकारी पेन्शन थायलंडात राहणाऱ्याला गोठवलेल्या दराने मिळते, वर्षे सरतात तसे ते आटत जाते. पैसा आटला म्हणजे बाई पळते असे जे मानतात त्यांनी ही घरे पाहावीत. एकीकडच्या म्हाताऱ्याला पेन्शन आहे आणि माणूस नाही, दुसरीकडच्या म्हातारीला माणसे आहेत आणि पेन्शन नाही. मधली बाई दोघांचे म्हातारपण एकाच वेळी ओढते. या विषयाचे मर्म मला तिच्या या दुहेरी कष्टांत दिसते.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडेसे. पहिला भाग इतिहासाचा, दुसरा गावाचा आणि घराचा, तिसरा कायद्याचा, चौथा युरोपातल्या वस्त्यांचा. खासगी माणसांची आणि लहान गावांची नावे कुठेही दिलेली नाहीत. 22 जानेवारी 2025 पासून थायलंडात समलिंगी विवाहही कायदेशीर झाला आणि विवाहाच्या कायद्यात नवरा-बायकोच्या जागी जोडीदार आले. त्याचे परिणाम अजून दिसायचे आहेत, म्हणून त्याची नोंद करून थांबावे लागले. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. मात्र जमिनीच्या कायद्यावरचे प्रकरण रुक्ष म्हणून वगळू नये, अशी वाचकांना विनंती आहे. या संसारांत प्रेम किती होते ते बाहेरच्याला कधीच सांगता येणार नाही. घर कुणाच्या नावावर होते ते मात्र कचेरीच्या दप्तरात लिहिलेले आहे, आणि निम्मी कहाणी त्या एका ओळीत असते.